मागे लागण्याआधी

नाकाबंदीत हात दाखवला आणि गाडी थांबण्याऐवजी सुसाट निघाली, की गस्तीच्या गाडीतल्या चालकाचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. पोलिसाच्या अंगात एवढी ऊर्मी हवीच. नसेल तर तो पोलीस कसला, असं आपणच म्हणू. पण पाठलागाचं भलंबुरं बरंचसं त्या पहिल्या दहा सेकंदांत ठरतं, आणि त्या वेळी डोकं थंड ठेवून विचार करायला कुणालाच सवड नसते. म्हणून तो विचार आधीच, ठाण्यात चहा पिताना, करून ठेवायचा. पुढची कृती गाडीतला अधिकारी, त्याचा चालक आणि नियंत्रण कक्षात बसलेला ड्युटी अधिकारी या तिघांसाठी आहे. ब्रिटन-अमेरिकेत पाठलागाचे लेखी नियम बरीच वर्षं आहेत. तिकडचं घेण्यासारखं घेतलंय, बाकीचं आपल्या रस्त्यांनी शिकवलेलं आहे.

गाडी ताब्यात घेताना

लॉगबुकात किलोमीटरचा आकडा लिहिला म्हणजे गाडी तपासली असं होत नाही. टायरची नक्षी बघा, ब्रेक दाबून बघा, सायरन आणि वरचा दिवा लावून बघा, वायरलेसवर कंट्रोलला आवाज स्वच्छ जातोय का ते विचारा. सायरन बंद असेल तर ती गाडी त्या रात्री पाठलागात नाही, हे सुरुवातीलाच कळवून टाका. बोलेरोसारखी उंच गाडी खड्ड्यांतून गस्तीला झकास असते, पण वेगात अंगावर वळण आलं की ती कलंडायला बघते. हे चालकाला माहीत असतं, शेजारी बसलेल्या साहेबांना पुष्कळदा नसतं. आणि बेल्ट लावा. दिवसभर लोकांना बेल्टचं चलान फाडायचं आणि आपण मोकळं बसायचं, ही आपल्या खात्याची जुनी खोड आहे.

मागच्या सीटवर आरोपी, तक्रारदार किंवा साक्षीदार असेल तर पाठलागाचा विषयच नाही.

मग कामं वाटून घ्या. चालक फक्त चालवेल, शेजारचा फक्त बोलेल. स्टिअरिंग धरलेल्या माणसाने वॉकी-टॉकी हातात घ्यायचा नाही. त्याहून महत्त्वाचं एक वाक्य मोठ्याने बोलून ठेवा: दोघांपैकी कुणीही ‘सोड’ म्हटलं की सोडायचं, आणि का ते नंतर विचारायचं. आपल्याकडे हुद्द्याचं वजन फार. पीएसआय शेजारी बसलेला असताना शिपाई चालक ‘साहेब, नको, पुढे शाळा आहे’ असं म्हणायला कचरतो. साहेबांनी ड्युटी सुरू होतानाच त्याची जीभ मोकळी केली नाही, तर ऐन वेळी ती मोकळी होणार नाही.

आज हद्दीत काय आहे तेही आठवा: आठवडी बाजार, शाळा सुटायची वेळ, विसर्जनाची मिरवणूक. कोल्हापूर-सांगलीकडे गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. पळणाऱ्याला त्या दिसत नाहीत, तशा तुम्हालाही दिसणार नाहीत.

पहिली दहा सेकंदं

मनात पहिला प्रश्न ‘हा का पळतोय?’ असा येतो. तो बाजूला सारा. त्याचं उत्तर मन लगेच देतं, ‘काहीतरी भानगड असणारच’, आणि तिथेच फसगत होते. लायसन नाही, बापाची गाडी न विचारता आणलीय, दोन पेग झालेत, किंवा नुसता घाबरलाय, अशी पळण्याची कारणं ढीगभर सापडतील. विचारायचं ते एवढंच: त्याने काय केल्याचं मला आत्ता ठाऊक आहे?

ठाऊक असलेली गोष्ट गोळीबाराची असेल, कुणाला भोसकल्याची असेल, मुलाला उचलून नेल्याची असेल, तर पुढे जायला आधार आहे. अमेरिकेतल्या ‘पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरम’ या संस्थेने २०२३ मध्ये पोलीसप्रमुखांसाठी मार्गदर्शिका काढली. तिने दोन अटी घातल्या: हिंसक गुन्हा घडलेला असावा, आणि संशयित मोकळा राहिला तर लगेच आणखी कुणाच्या जिवावर बेतेल असं दिसत असावं. दोन्ही हव्यात, एक पुरत नाही. मला ही चाळणी आपल्या रस्त्यांसाठी कडक वाटत नाही. उलट तिकडच्यापेक्षा इथे ती जास्त लागू आहे, कारण इथे त्याच रस्त्यावर सायकल, हातगाडी, म्हैस आणि मोबाईलवर बोलत रस्ता ओलांडणारा माणूस, सगळे एकदम असतात.

हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, ट्रिपल सीट आहे: यासाठी मागे लागायचं नाही. फोटो काढा, ई-चलान पाठवा. हेल्मेट न घातलेल्या दुचाकीस्वारांना पाठलाग करून किंवा आडवं होऊन पकडू नका, कॅमेऱ्यासारखी साधनं वापरा, असं केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पोलिसांना सुनावलं होतं. दुचाकी पडली तर मागे बसलेल्याचाही जीव जाऊ शकतो, आणि त्याने काहीच केलेलं नसतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोमध्ये १९९० साली दोन पोरं मोटारसायकलवरून सटकली. अपराध एवढाच, की वेगात होती आणि पोलिसांनी थांबा म्हटल्यावर दोन पोलीस गाड्यांच्या फटीतून निघून गेली. वस्तीतल्या रस्त्यावरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेग गेला. पाठलाग एकूण ७५ सेकंद चालला, अंतर जेमतेम दोन किलोमीटर. मोटारसायकल एका वळणावर आडवी झाली आणि मागच्या पोलीस गाडीला थांबायला जागा उरली नाही. मागे बसलेला सोळा वर्षांचा मुलगा जागीच गेला. खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९९८ मध्ये निकाल पोलीस अधिकाऱ्याच्या बाजूने लागला. निकाल बाजूने लागायला आठ वर्षं लागली. घटनेला सव्वा मिनिट.

दुसरा प्रश्न: तो कोण आहे हे मला कळलंय का, किंवा उद्या कळेल का? नंबर दिसला असेल तर ‘वाहन’ प्रणालीत लगेच टाका. नोंदीत लाल वॅगनआर निघाली आणि पुढे पळतेय काळी क्रेटा, तर प्लेट खोटी. हेही कंट्रोलला सांगण्यासारखंच आहे. नोंद जुळली, मालकाचा पत्ता आला, तर सकाळी सहा वाजता त्याच्या दारावर थाप मारणं हा रात्री एक वाजता शंभरच्या वेगाने जाण्यापेक्षा शहाणा मार्ग आहे. चालवणारा अल्पवयीन दिसला तर तर नक्कीच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला जबाबदार धरता येतं, ती नोटीस कुठे पळून जात नाही.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. ताशी शंभरच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच चाळीस मीटर संपलेले असतात. समोरचा रस्ता तेवढा मोकळा आहे का?

तिन्हींची उत्तरं मनासारखी आली नाहीत तर पाठलाग सुरूच करू नका. वर्णन आणि दिशा वायरलेसवर सांगा आणि आपल्या गस्तीवर परत जा. यात कमीपणा काही नाही.

कायदा किती दूर पोचतो

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४५ नुसार, ज्याला विनावॉरंट अटक करता येते त्याच्या मागे पोलीस भारतात कुठेही जाऊ शकतो. बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात शिरलात तरी अधिकार संपत नाही. फक्त नाका येण्याआधी गोव्याच्या नियंत्रण कक्षाला कळवलेलं असावं, नाहीतर दोन राज्यांचे पोलीस एकमेकांकडेच संशयाने बघत उभे राहतील. मात्र त्याच संहितेच्या कलम ४३चं चौथं पोटकलमही पाठ असू द्या. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला अटक करताना त्याचा जीव घेण्याचा हक्क ते कलम देत नाही. ऐंशीच्या वेगात पळत्या गाडीला आपली गाडी घासणं म्हणजे काय होऊ शकतं, हे या पोटकलमाशेजारी ठेवून वाचा. २०१७च्या मोटार वाहन चालन विनियमांत तातडीच्या वाहनांना सवलती आहेत, पण सावधगिरीची जबाबदारी सुटत नाही. भरधाव चालवून कुणाचा बळी गेला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ गणवेश बघून थांबत नाही.

वायरलेसवर काय बोलायचं

नेहमी ऐकू येणारा नमुना असा: ‘कंट्रोल, पळतोय, पळतोय! सोडत नाही त्याला!’ यातून कंट्रोलला कुणीतरी चिडलंय यापलीकडे काही कळत नाही. त्याऐवजी, समजा पुण्यात पौड रस्त्यावर आहात, तर असं बोला:

‘कंट्रोल, गस्त तीन. पांढरी स्विफ्ट, एमएच बारा, पुढचे आकडे दिसले नाहीत, डावा टेल लॅम्प फुटलेला. आत दोघं. कोथरूड डेपोकडून चांदणी चौकाच्या दिशेने. वेग सत्तर, रस्ता कोरडा, रहदारी तुरळक. कारण, पंपावर गोळीबार, एक जखमी. परवानगी हवी. ओव्हर.’

‘गस्त तीन, परवानगी आहे. दर अर्ध्या मिनिटाला बोलत राहा. चांदणी चौक आणि बावधन, दोन्हीकडे कळवतोय. ऐंशीच्या वर गेलात तर थांबवणार. ओव्हर.’

‘होय साहेब. ओव्हर.’

कारण सगळ्यात शेवटी आलं तरी चालेल, पण यायलाच हवं. पाठलागाचं कारण एका वाक्यात सांगता येत नसेल तर ते कारण नाही असं धरून चाला. दर अर्ध्या मिनिटाला बोलण्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही: बोलणाऱ्याला खिडकीबाहेर बघावं लागतं. पाठलागात नजर समोरच्या टेल लॅम्पवर खिळते, कडेचं काही दिसेनासं होतं. ‘डावीकडे शाळा, उजवीकडे रिक्षा स्टँड’ असं म्हणायचं तर डावीकडे-उजवीकडे पाहावंच लागतं.

कंट्रोलने काय करायचं

पाठलागाचा मालक गाडीतला अधिकारी नसतो, कंट्रोलमधला असतो. हे आपल्याकडे पचायला जड जातं, पण माझ्या मते साऱ्या कृतीचा कणा हाच. मागे लागलेल्या माणसाला आपण हरतोय एवढंच दिसत असतं. थांबायचा निर्णय ज्याच्या छातीत धडधड होत नाही त्याने घ्यायचा. ब्रिटनमध्ये पाठलागाचे दोन टप्पे मानतात. सुरुवातीच्या टप्प्यात गाडी मागे राहून माहिती देते. डावपेचाच्या टप्प्यात फक्त खास प्रशिक्षण घेतलेले चालक उतरतात. आपल्याकडे प्रत्येक ठाण्यात असे चालक बसवता येणार नाहीत. मग सरळ धरून चालायचं, की आपली गस्तीची गाडी पहिल्याच टप्प्यातली आहे: मागे राहायचं, दिसत ठेवायचं, सांगत राहायचं.

कंट्रोलच्या अधिकाऱ्याने मागे दोनच गाड्या राहू द्याव्यात. वायरलेसवर चेव चढला की आसपासच्या बीट मार्शलपासून सगळे न विचारता धावतात, आणि चौकात पोलीस गाड्याच एकमेकींवर आदळतात. तिसऱ्याला नाव घेऊन थांबवा. आणि बोलणाऱ्याचा आवाज ऐका. तो चढत गेला, वाक्यं तुटायला लागली, तर वेग विचारायची गरज नाही. पाठलाग तिथेच बंद करा.

चालवताना

अंतर राखा. समोरच्याने करकचून ब्रेक मारला तरी थांबता येईल एवढं. तो उलट दिशेने, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या अंगावर शिरला तर त्याच्यामागे शिरायचं नाही, ही सगळ्यांत कमी अपवादांची अट. लाल सिग्नलला सायरन असला तरी वेग कमी करा. आपल्याकडे सायरन ऐकून बाजूला होण्यापेक्षा आवाज कुठून येतोय हे शोधत मध्येच थबकणारे जास्त.

टायरवर गोळी झाडू नका. सिनेमात ती टायरला लागते; रस्त्यावर ती डांबरावरून उडून दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला लागू शकते, आणि टायरला लागलीच तर दीड टनाची गाडी कुणाच्याच ताब्यात राहत नाही. धडक देऊ नका. अमेरिकेतल्या जॉर्जियात २००१ साली ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ मैलांनी जाणाऱ्या एका तरुणाने पळ काढला. शेवटी पोलिसाने मागून धक्का दिला, गाडी रस्त्याबाहेर गेली, तरुण जन्माचा अपंग झाला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी पोलिसाला पाठीशी घातलं. सुरुवात, लक्षात घ्या, जादा वेगाच्या चलानाने झाली होती.

अपहरणाचं प्रकरण सगळ्यांत अवघड, कारण ज्याला वाचवायचं तो त्याच गाडीत आहे. तिथे दाबायचं नाही. साध्या वाहनातले साध्या वेशातले लोक मिळवा, त्यांनी रहदारीच्या वेगाने मागे राहावं. गणवेशातली गाडी मागे दिसेनाशी झाली पाहिजे.

पुढचा रस्ता

मागून गाठण्यापेक्षा पुढून अडवणं आपल्या पोलिसांना कितीतरी चांगलं जमतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन दहशतवादी हिसकावलेल्या स्कोडातून गिरगाव चौपाटीकडे निघाले. गाडीचं वर्णन वायरलेसवर गेलं होतं आणि डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांनी चौपाटीवर बॅरिकेड लावली होती. स्कोडा बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. हेडलाइट विझवायला सांगितल्यावर आतल्याने उलट काचेवर पाणी मारून वायपर सुरू केले, म्हणजे आतलं दिसू नये. मग गाडी वळवण्याचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकावर अडकली. पुढचं साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे: तुकाराम ओंबळे यांनी बंदूक धरून ठेवली आणि कसाब जिवंत हाती लागला. त्या गाडीला थांबवलं ते वर्णन, वायरलेस आणि लोखंडी बॅरिकेड यांनी.

म्हणून नाकाबंदी नीट लावा. बॅरिकेड एका रांगेत आडवी लावू नका. आलटून पालटून, मध्ये अंतर ठेवून, म्हणजे गाडीला नागमोडी जावं लागेल. दोनशे-तीनशे मीटर आधी शंकू आणि लुकलुकता दिवा. वळणापलीकडे कधीच नाही. कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात, १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या तक्रारीत म्हटलं होतं की पोलिसांनी वळणापलीकडे महामार्गावर अठरा चाकी ट्रक आडवा लावला आणि येणाऱ्याच्या डोळ्यांवर हेडलाइट मारले. चोरीच्या गाडीतला माणूस त्यावर आदळून मेला. दुसऱ्याचा ट्रक किंवा एसटी आडवी घालू नका, आत माणसं असतात. आपली माणसं बॅरिकेडच्या समोर नकोत, कडेला आणि मागे हवीत. बॉनेटला लोंबकळत गेलेल्या पोलिसांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या धाडसाला दाद द्या, पण नव्या भरतीला ते दाखवून ‘असं करू नका’ हेही सांगा.

खिळ्यांची पट्टी असेल तर पोकळ खिळ्यांची वापरा, टायरमधली हवा हळूहळू जाते. दुचाकीसाठी ती वर्ज्य; पुलावर, घाटात, गर्दीत वर्ज्य.

द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर तर मागे लागण्याचं कारणच उरत नाही. समृद्धी ७०१ किलोमीटर आहे, पण बाहेर पडायच्या जागा ठरावीक इंटरचेंजच्याच. पुढच्या दोन इंटरचेंजला माणसं उभी करा, टोलवर नंबर सांगून ठेवा. फास्टॅग वाचला गेला की वेळ आणि दिशा दोन्ही हाती येतात.

सोडताना

पाठलाग सोडणं हीसुद्धा रीतसर करायची गोष्ट आहे. ‘सोडतोय’ म्हणा, जागा आणि वेळ सांगा, मीटरवरचे किलोमीटर सांगा. सायरन बंद, वरचा दिवा बंद, वेग मर्यादेच्या आत. मग पहिल्या वळणावर वळा किंवा कडेला उभे राहा, म्हणजे पुढच्याच्या आरशात तुम्ही दिसणार नाही. दिवा विझवून चोरून मागे राहणं हे सर्वांत वाईट: वेग तोच, आणि लोकांना सावध करणारा आवाज नाही. अमेरिकेत जेफ्री आल्पर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांपासून पळालेल्यांच्या मुलाखती घेतल्या. मागे पोलीस नाहीत असं वाटलं की वेग कमी केला असता, असं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं. म्हणजे तुम्ही सोडलंत की तो निदान पुढच्या चौकातल्या माणसासाठी कमी धोक्याचा होतो.

सोडल्याबद्दल कुणालाही दुसऱ्या दिवशी खोचक बोलायचं नाही. प्रभारी अधिकाऱ्याने एकदा जरी ‘हातातून घालवलात?’ म्हटलं, तरी त्या ठाण्यातला कुणी पुन्हा सोडणार नाही.

गाडी थांबली की

आता घाई सगळ्यांत धोक्याची, कारण अंगात अजून वेग असतो. दार उघडून धावत जाऊ नका. आपली गाडी तिरकी, थोडी मागे लावा, हेडलाइट त्यांच्यावर ठेवा, दाराच्या आणि इंजिनाच्या आडोशाला राहा. मोठ्याने, एकानेच, सूचना द्या: इंजिन बंद, किल्ली छतावर, हात खिडकीबाहेर. एकेकाला उतरवा. कुमक येईपर्यंत थांबता येत असेल तर थांबा. आणि हात सैल सोडायचा नाही. पाठलागानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत पडलेला रट्टा मोबाईलवर टिपला गेला की गुन्हा सोडून त्याचीच चौकशी लागते. कुणी जखमी असेल, मग तो पळणारा असला तरी, आधी १०८.

नंतरचे कागद

ठाण्यात आल्यावर चहाआधी स्टेशन डायरी. कधी सुरू झाला, कुणाच्या परवानगीने, कारण काय ठाऊक होतं (नंतर काय कळलं ते वेगळं लिहा, दोन्ही मिसळू नका), कुठे संपला, जास्तीत जास्त वेग, नुकसान. चालक आणि अधिकारी यांनी आपापलं स्वतंत्र लिहावं. वायरलेसचं रेकॉर्डिंग, वाटेतल्या चौकांचं आणि दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज त्याच दिवशी लेखी पत्राने मागा. दुकानांतले डीव्हीआर जागा भरली की जुनं फुटेज आपसूक पुसतात, आणि दुकानदार ‘साहेब, कालच गेलं’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा खरंच बोलत असतो.